पस्तीस नंबरचा कोट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी गेली तेरा वर्षं मेलबर्नमध्ये ट्रॅम चालवतो. पाळी सुरू व्हायच्या आधी डेपोत चहाचा कप घेऊन बसायचं आणि फोनवर तुमचं वर्तमानपत्र उघडायचं, हा माझा नेम आहे. गेल्या महिन्यात क्रीडा पानावर एका सोळा वर्षांच्या मुलाचा फोटो होता आणि वर ठळक मथळा होता, ‘दुसरा तेंडुलकर’. मुलानं मोठी खेळी केली होती, कौतुक व्हायलाच हवं. पण तो मथळा दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही. असल्याच मथळ्याखाली मोठा झालेला एक मुलगा इथं आहे आणि त्याच्याबद्दलची बोलणी मी काही वर्षं माझ्या गाडीत ऐकतोय. तो क्रिकेट खेळत नाही. त्याचं नाव निक डेकॉस.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड तुमच्या वाचकांना नवीन नाही. अजिंक्य रहाणेनं २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत ११२ धावा केल्या त्या इथंच. पण नावात क्रिकेट असलं तरी मार्च ते सप्टेंबर हे मैदान वेगळ्याच खेळाचं, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं असतं. इथले लोक त्याला नुसतं ‘फूटी’ म्हणतात. एकेका संघाचे अठरा खेळाडू, लंबगोल मैदान, चेंडूही लंबगोल. दिवसा लाल, रात्रीच्या सामन्यात पिवळा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू घेऊन पळता येतं, पण पंधरा मीटरच्या आत त्याला जमिनीचा स्पर्श करावा लागतो. फेकायची परवानगी नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. आणि पंधरा मीटर किंवा जास्त लांबून लाथेनं आलेला चेंडू हवेत झेलला की झेलणाऱ्याला मोकळेपणी लाथ मारायला मिळते. त्या झेलासाठी माणसं एकमेकांच्या पाठीवर गुडघा रोवून उंच उडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून ‘अरे, पडेल तो!’ असं मराठीतच निघालं होतं. शेजारचे चारजण वळून हसले होते.

या शहरात नवीन माणसाला नाव-गाव विचारून झालं की तिसरा प्रश्न येतो, ‘तू कुणाचा?’ म्हणजे कुठल्या क्लबचा. उत्तर नसेल तर संभाषण तिथंच अडकतं. मी पहिल्यांदा खोली घेतली ती ॲबट्सफर्डमध्ये, व्हिक्टोरिया पार्कपासून दोन गल्ल्यांवर. ते कॉलिंगवूड क्लबचं जुनं मैदान. पुरुषांच्या लीगचे सामने १९९९ नंतर तिथं होत नाहीत, पण जुना स्टँड उभा आहे, संध्याकाळी लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. घरमालक कॉलिंगवूडचा, कोपऱ्यावरचा दूधवाला कॉलिंगवूडचा, तेव्हा मीही कॉलिंगवूडचा झालो. काळे-पांढरे उभे पट्टे आणि मॅगपाय पक्षी ही आमची खूण. क्लबचे सभासद एक लाखाच्या वर आहेत आणि बाकीचं सगळं शहर आमच्यावर खार खाऊन असतं. डेपोत तर विचारूच नका.

सामन्याच्या दिवशी शहरातून मैदानाकडे जादा गाड्या सोडतात. टेनिसच्या कोर्टांशेजारून जाणारी सत्तर नंबरची ट्रॅम माझ्याकडे बरेचदा असते. गाडी जुनी असली की केबिनचं दार म्हणजे एक पातळ पत्रा. गर्दी वाढली की माणसं त्या दाराला टेकूनच उभी राहतात आणि त्यांचा शब्दन् शब्द आत येतो. जाताना आवाज मोठे असतात, येताना जिंकलेले गातात, हरलेले न्याय करतात. बोलणं खेळाचं असतं, पण पाच मिनिटांत ते माजी खेळाडूंवर जातं. आजचा कुठलाही पोरगा घ्या, त्याच्या शेजारी लगेच एक जुना माणूस उभा केला जातो. ‘हा बकलीसारखा पळतो’, ‘हा स्वॉनसारखा आळशी दिसतो पण चेंडू त्यालाच सापडतो’, ‘टोनी शॉ असता तर हा चेंडू सोडला नसता’. मला या गप्पा मनापासून आवडतात. मी हा खेळ त्यांच्यातूनच शिकलो. मी पाहिले नाहीत असे खेळाडू मला तोंडपाठ आहेत ते या दाराला टेकलेल्या माणसांमुळे.

त्यांच्यात एक आजोबा आहेत. नाव मला माहीत नाही, विचारलंही नाही कधी. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या थांब्यावर चढतात, चढताना माझ्याकडे बघून भुवई उंचावतात, तेवढीच ओळख. अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा जाड कोट, लाकडी बटणांचा. पूर्वी पाठीराखे असे कोट घालून थंडीत उभे राहायचे आणि त्यावर आपल्या आवडत्या खेळाडूचा नंबर शिवून घ्यायचे. आजोबांच्या पाठीवर पांढऱ्या फेल्टचा ३५ आहे. तीन आणि पाच वेगवेगळ्या पांढऱ्या रंगाचे झालेत. पाच केव्हातरी उसवून दुसरा लावलेला असावा, त्याचे टाके मोठे आहेत. छातीवर पत्र्याचे बिल्ले. कोट चाळीस वर्षांपूर्वीचा, तेव्हाचा ३५ म्हणजे पीटर डेकॉस. आणि २०२२ पासून मैदानावर पुन्हा एक ३५ आहे, त्याचाच मुलगा निक. आजोबांना कोटावरचा आकडा बदलावा लागला नाही.

पीटर डेकॉस हा मॅसेडोनियन स्थलांतरित घरातला मुलगा. १९७९ ते १९९३ एकाच क्लबकडून २५० सामने आणि ५४९ गोल. मैदानाच्या अगदी कडेवरून, जिथून दोन खांबांमधली फट दिसतसुद्धा नाही, तिथून तो चेंडू असा लाथाडायचा की तो दोन टप्पे घेऊन वळून आत जायचा. लोक त्याला ‘मॅसेडोनियन मार्व्हल’ म्हणत. १९९० च्या एका हंगामात त्यानं ९७ गोल केले आणि त्याच वर्षी क्लबनं विजेतेपद मिळवलं, १९५८ नंतर पहिल्यांदा. मधल्या बत्तीस वर्षांत क्लब आठ वेळा अंतिम सामना हरला होता. १९७० मध्ये तर मध्यंतराला ४४ गुणांनी पुढे असताना हरला, १,२१,६९६ लोकांच्या देखत. त्यामुळे १९९० चा संघ आमच्याकडे देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा आहे.

इथं एक नियम आहे. नवीन मुलांची निवड एका यादीतून होते आणि तळाच्या संघाला आधी निवडायला मिळतं. पण ज्याचा बाप एखाद्या क्लबकडून शंभर किंवा जास्त सामने खेळला असेल, त्याच्यावर त्या क्लबचा हक्क राहतो. दुसऱ्यानं बोली लावली तर तेवढी किंमत, पैशात नव्हे तर आपल्या निवडीच्या पाळ्या देऊन, मोजून क्लब त्याला घेऊ शकतो. २०२१ मध्ये गोल्ड कोस्टनं चौथ्या क्रमांकावर निकसाठी बोली लावली, कॉलिंगवूडनं ती किंमत मोजली. थोरला भाऊ जॉश आधीपासूनच संघात होता. जॉश सात नंबर घालतो. निकनं बापाचा ३५ घेतला. आमच्या २०२३ च्या कर्णधाराचीही तीच गोष्ट. डार्सी मूरचे वडील पीटर मूर, दोनदा ब्राउनलो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक मिळवलेले, आणि डार्सीच्या पाठीवरही वडिलांचाच ३० नंबर.

नियम मला आवडतो. बाप ज्या कुंपणाबाहेर पोराला खांद्यावर घेऊन उभा होता त्याच कुंपणाच्या आत पोरगा खेळतो, यात काहीतरी आहे जे पैशानं आणता येत नाही. पण नियमाला एक दुसरी बाजू आहे आणि ती क्लबच्या कागदांत नाही, ती माझ्या गाडीत आहे.

ऑगस्ट २०२३. हॉथॉर्नविरुद्ध सामना. तोपर्यंत निक असा खेळत होता की वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तोच, असं सगळे धरून चालले होते. वीस वर्षांचा मुलगा, दुसरंच वर्ष. हॉथॉर्ननं फिन मॅगिनिस नावाचा एक खेळाडू फक्त त्याच्या मागं लावला. याला इथं टॅग करणं म्हणतात: चेंडू कुठं का असेना, आपण आपल्या माणसाची सावली सोडायची नाही. तीस-तीस वेळा चेंडू हाताळणाऱ्या निकला त्या दिवशी अख्ख्या सामन्यात पाच वेळा चेंडू मिळाला. आम्ही हरलो.

परतीची गाडी माझी होती. दाराला टेकून तिघे उभे होते. ‘बाप असता तर त्या पोराला खांद्यानं झटकून टाकलं असतं.’ ‘बापाला टॅग कोण करणार, तो हवेतून यायचा.’ तिसरा म्हणाला, ‘सगळं पहिल्यापासून आयतं मिळालंय ना, नंबरसुद्धा.’ हे शब्द मला आठवतात, कारण मागच्या दोन सामन्यांनंतर असेच तिघे, कदाचित हेच असतील, त्याच दाराला टेकून म्हणत होते की हा बापापेक्षा मोठा होणार. मी थांब्यावर दार उघडलं, घंटा वाजवली, गाडी पुढे काढली. चालकानं बोलायचं नसतं.

नंतर बातमी आली. त्याच सामन्यात निकच्या गुडघ्याच्या हाडाला तडा गेला होता. उरलेले साखळी सामने त्याला खेळता आले नाहीत. तरीही ब्राउनलोच्या मोजणीत, म्हणजे पंचांनी प्रत्येक सामन्यानंतर दिलेल्या मतांच्या बेरजेत, त्याला २८ मतं पडली आणि तो तिसरा आला. परतला तो थेट उपांत्य सामन्यात. तो आम्ही एका गुणानं जिंकलो. आठ दिवसांनी, ३० सप्टेंबरला, ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून विजेते झालो, ९० विरुद्ध ८६. दोघे डेकॉस भाऊ मैदानात होते.

त्या रात्री गाडीत काय चाललं होतं ते लिहायला शब्द नाहीत. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. आजोबा मात्र माझ्या केबिनच्या मागच्या सीटवर बसून होते, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले. कोटाची वरची दोन बटणं उघडी. एका मुलीनं विचारलं, ‘तुम्ही १९९० ची फायनलपण पाहिली होती का?’ ते म्हणाले, ‘पाहिली. पण त्याआधीची अकरा वर्षंही पाहिली.’

मला इतकी वर्षं जे नीट सांगता येत नव्हतं ते त्यांनी सहा शब्दांत सांगितलं. पीटर आला १९७९ मध्ये. विजेतेपद १९९० मध्ये. मधली अकरा वर्षं कुणाच्या गप्पांत येत नाहीत. त्या वर्षांतही तो दुखापतींनी बाहेर बसला असेल, त्यालाही कुणीतरी दिवसभर धरून ठेवलं असेल, त्याच्याही नावानं परतीच्या गाडीत बोटं मोडली गेली असतील. पण आठवणीत फक्त कडेवरून वळून आत जाणारा चेंडू उरतो. आपण वीस वर्षांच्या पोराचा कालचा सामना घेतो आणि तो त्याच्या बापाच्या चौदा-पंधरा वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या दहा मिनिटांशेजारी ठेवतो. या मापात कुणीच बसणार नाही. खुद्द पीटरसुद्धा बसला नसता.

शिवाय दोघांचं काम वेगळं. पीटर गोलजवळ खेळायचा, शेवटचा हात त्याचा. निक मधल्या पट्ट्यात खेळतो, पहिलं वर्ष तर मागच्या फळीत काढलं. घोळक्यातून चेंडू बाहेर काढायचा, मान वर करून बघायचं आणि चाळीस मीटरवर धावणाऱ्या आपल्या माणसाच्या छातीवर तो ठेवायचा. एक सुतार आणि एक गवंडी, दोघं बापलेक म्हणून त्यांची भिंत आणि दार एकाच फूटपट्टीनं मोजायचं का?

जिलाँग क्लबवाल्यांकडे पाहा. गॅरी ॲब्लेटला ते सरळ ‘गॉड’ म्हणायचे. १९८९ च्या अंतिम सामन्यात त्यानं एकट्यानं नऊ गोल केले आणि संघ सहा गुणांनी हरला. विजेतेपद त्याच्या नशिबी कधीच आलं नाही. त्याचा मुलगाही गॅरी ॲब्लेटच. तेच नाव, सुरुवातीला तोच क्लब, चणीनं बापापेक्षा लहान. पोरानं २००७ आणि २००९ अशी दोन विजेतेपदं, दोन ब्राउनलो आणि ३५७ सामने असं सगळं केलं. आज कुणी विचारत नाही की बाप मोठा की लेक. पण हे कळायला लोकांना पंधरा-वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या मुलानं ‘ज्युनियर’ म्हणूनच दिवस काढले. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. रोहन गावसकर आणि अर्जुन तेंडुलकर यांनी कुठल्या ओझ्यासह पॅड बांधले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि ज्यांना हे जमत नाही त्यांचं काय? बापाचा नंबर घालून आठ-दहा सामने खेळलेली, मग यादीतून नाव गेलेली मुलं प्रत्येक क्लबात आहेत. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांचे बिल्ले कुणी लावत नाही.

आजोबांच्या छातीवर एक बिल्ला ४२ नंबरचा आहे. तो डॅरन मिलेनचा. १९९० च्या अंतिम फेऱ्या तो मोडलेल्या अंगठ्यानिशी खेळला. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता आणि त्यानं तो आकाशात भिरकावला. वर्षभरानं, ऑक्टोबर १९९१ मध्ये, कार अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता. क्लबनं तो नंबर मागे घेतला. आजोबा बोलताना त्या बिल्ल्याला अंगठा लावतात, बहुधा त्यांच्या लक्षातही येत नसावं.

माजी खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिकल्या केसांचा, पोट सुटलेला, मुलाखती देणारा माणूस येतो. नेथन मर्फी २०२३ च्या त्याच अंतिम सामन्यात आमच्या बचावफळीत होता. सुरुवातीलाच डोक्याला मार बसला आणि त्याला बाहेर यावं लागलं. डोक्याला मार बसण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यानं खेळ सोडला. वय चोवीस. त्याच्या दोन महिने आधी मेलबर्न क्लबच्या अँगस ब्रेशॉनं अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती घेतली होती. त्याला लागलेला शेवटचा धक्का आमच्याच ब्रेडन मेनार्डचा होता. मर्फीची बातमी आली त्या आठवड्यात गाडीत एकजण नेहमीच्या सुरात म्हणाला, ‘आपल्या माजी खेळाडूंमध्ये मर्फी...’ आणि थांबला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला तो ऐकू आला असावा. पॉली फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक ही या खेळातली मोठी नावं. ते गेल्यानंतर त्यांचे मेंदू तपासले गेले आणि वारंवार बसलेल्या माराचा आजार त्यांत निघाला. शेन टकचे वडील मायकेल टक हॉथॉर्नकडून ४२६ सामने खेळले होते. बाप आणि मुलाची तुलना करायची असेल तर ही पण करावी लागेल.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण क्लब माझा आहे. माझ्या त्या पहिल्या खोलीपासून दोन गल्ल्यांवरच्या मैदानात १७ एप्रिल १९९३ रोजी सेंट किल्डा क्लबच्या निकी विनमरनं, दिवसभर आमच्या पाठीराख्यांच्या शिव्या ऐकल्यावर, आपला जम्पर, म्हणजे खेळायचा सदरा, वर उचलून स्वतःच्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो आज सगळ्या देशाला माहीत आहे. पुढे आमचाच एक खेळाडू, २०१० च्या विजेत्या संघातला एरिटिए लुमुम्बा, आपल्याला क्लबमध्ये रंगावरून काय नावानं हाक मारली जायची ते बोलला. क्लबनं स्वतः नेमलेल्या चौकशीत २०२१ साली नोंदवलं गेलं की वंशभेद इथं पद्धतीतच मुरलेला होता. गाडीत २०१० चा संघ निघतो तेव्हा एकेक नाव घेतलं जातं. त्याचं नाव जवळ आलं की विषय बदलतो. मी सावळा माणूस, काळे-पांढरे पट्टे घालून त्याच स्टँडमध्ये बसतो, आणि मला आजवर तिथं कुणी वावगं बोललं नाही. यात विनमर आणि लुमुम्बा यांचा वाटा आहे हे मी जाणतो. म्हणून जुन्या खेळाडूंच्या गप्पा निघाल्या की ही दोन नावंही त्यांत यावीत असं मला वाटतं.

आता माझी स्वतःची चूक. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आमच्या भागातल्या मुलींच्या संघात खेळते. २०१७ पासून बायकांची मोठी लीग सुरू झाली तशा इथल्या मैदानांवर मुलींच्या झुंडी दिसायला लागल्या, ती त्यांतलीच. हंगामाच्या सुरुवातीला पेटीतून जम्पर वाटत होते. ती अठरा नंबरकडे हात नेत होती. मी मागून म्हणालो, ‘पस्तीस घे, पस्तीस आहे बघ!’ तिनं घेतला. पहिल्याच सामन्यात चेंडू तिच्याकडे आला तेव्हा कडेला उभ्या असलेल्या कुणा पालकानं हौसेनं आरोळी दिली, ‘चल डेकॉस!’ तिनं एक क्षण मान वळवून पाहिलं. तेवढ्यात समोरच्या मुलीनं चेंडू काढून नेला. घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. खूप वेळानं म्हणाली, ‘बाबा, त्यांना माझं नाव माहीत नाही का?’

पुढच्या आठवड्यात तिनं नंबर बदलून घेतला. मी काही बोललो नाही.

मेलबर्नमध्ये आता मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, शनिवारी सकाळी लहान मुलांच्या फूटीला आपली आईबापं कडेला दिसतात. त्यांतले बरेच तुमचं वर्तमानपत्र वाचतात. त्यांना माझं सांगणं आहे की जुन्या खेळाडूंबद्दल मुलांशी भरपूर बोला. पीटरचे वळणारे चेंडू सांगा, मिलेनचा अंगठा सांगा. पण सांगताना ती अकरा वर्षं वगळू नका. निक हरला त्या दिवशी त्याचा बाप काढू नका. आणि तो जिंकतो त्या दिवशीही काढू नका, हे जास्त अवघड आहे. तो जिंकला की आपण कौतुक म्हणून बापाचं नाव घेतो आणि पोराचा दिवस बापाच्या खात्यावर जमा करतो.

परवा आजोबा चढले तेव्हा त्यांच्या कोटावर एक नवीन बिल्ला होता. नव्यानंच संघात आलेल्या एका पोराचा, अजून चार सामनेही झाले नसतील. त्यांच्या शेजाऱ्यानं विचारलं, ‘हा कुणासारखा खेळतो?’ आजोबा म्हणाले, ‘अजून बघतोय.’

संपादक महोदय, तुमच्याकडे एक छोटं मागणं आहे. त्या सोळा वर्षांच्या मुलाची बातमी मी पुन्हा काढून वाचली. मथळ्यात तेंडुलकर होता, उपमथळ्यात तेंडुलकर होता, फोटोखाली ‘मास्टर ब्लास्टरची आठवण’ असं होतं. मुलाचं नाव बातमीच्या चौथ्या ओळीत आलं. पुढच्या खेळीला ते वर छापा.

आपला,
एक वाचक, ट्रॅमचालक
मेलबर्न